शनिवारचे कपडे

नववी ते बारावीच्या मुलांच्या पालकांची पत्रे या सदराकडे बाराही महिने येतात, पण नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की त्यांत कपड्यांविषयीची पत्रे एकदम वाढतात. या अंकासाठी त्यांतली चार निवडली आहेत. त्यांपैकी तीन मोठ्यांची आहेत आणि एक एका विद्यार्थिनीचे आहे. नावे आणि ओळख पटेल असा तपशील नेहमीप्रमाणे वगळला आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझी मुलगी अकरावीत विज्ञान शाखेत शिकते. तिच्या हायर सेकंडरीत सोमवार ते शुक्रवार गणवेश असतो आणि शनिवारी रंगीत कपड्यांची मुभा असते. या शनिवारांनी आमच्या घराची शांतता घालवली आहे. कधी ती गुडघ्यावर फाटलेली जीन्स आणि कमरेच्या वरच संपणारा टी-शर्ट घालते, कधी ढगळ काळा टी-शर्ट आणि पायांत घरात वापरायच्या रबरी चपला. आमचे घर देवळाच्या वाटेवर आहे आणि येणारे-जाणारे सगळे ओळखीचे. तिचे बाबा म्हणतात, लोक आईबापांचे संस्कार काढतील. गेल्या महिन्यात दारातच वाद झाला, तिची बस चुकली आणि पहिल्या तासाची चाचणी बुडाली. धाकटा मुलगा नववीत आहे. तो शिकवणीला हाफ पँट घालून जातो आणि त्याला कोणी काही बोलत नाही, हे ती दर वेळी ऐकवते. मी सक्ती करावी की डोळेझाक करावी?
— एक आई, फोंडा

उत्तर : तुमच्या पत्रात प्रत्यक्ष नुकसान झालेली गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे बुडालेली चाचणी. ती टी-शर्टाने बुडवली नाही, दारातल्या वादाने बुडवली. म्हणून सगळ्यांत आधी एवढे ठरवा, की सकाळी दप्तर पाठीला लावून मुलगी उंबऱ्यावर उभी असताना कपड्यांचा विषय काढायचा नाही. त्या वेळी तिला कपडे बदलायला सवड नसते, तुम्हाला तिचे ऐकून घ्यायला सवड नसते, आणि दोघींपैकी जिला माघार घ्यावी लागते तिचा सगळा दिवस त्या अपमानात जातो. बोलायचे असेल तर शुक्रवारी रात्री, जेवणे आटोपल्यावर, इस्त्रीचे कपडे समोर असताना बोला. उद्या जे घालायचे ते आदल्या रात्रीच खुर्चीवर काढून ठेवायचे आणि सकाळी त्यात तिनेही बदल करायचा नाही व तुम्हीही करायला लावायचा नाही, एवढे ठरले तरी निम्मी भांडणे मिटतात, असा माझा अनुभव आहे.

आता तुमच्या मनातल्या भीतीकडे वळते. ती मी हलकी मानत नाही. आपल्याकडची गावे लहान आहेत. फोंड्यासारख्या शहरातही माणूस अजून आडनावाने आणि वाड्याने ओळखला जातो, आणि मुलगी कोणाची हे बसमधल्या बायकांना तिने तोंड उघडण्याआधीच ठाऊक असते. ‘लोक कितें म्हणटले?’ (लोक काय म्हणतील?) हे आपल्या आयांनी आपल्याला विचारले आणि त्यांना त्यांच्या आयांनी. पण हा प्रश्न तुमचा आहे, तिचा नाही, हे तिला सरळ सांगा. ‘हे कपडे वाईट आहेत’ असे म्हटले की त्यावर ती तासभर वाद घालू शकते. ‘तू असे कपडे घालून देवळावरून गेलीस की मला संकोच वाटतो, आणि तो माझा संकोच आहे’ असे म्हणणे जड जाते, पण ते खरे असते आणि सोळा वर्षांच्या मुलांना खरे बोलणे चटकन ओळखता येते. पुष्कळ मुली त्यावर थोडा वेळ गप्प राहतात आणि मग वरून एखादा शर्ट घालण्याचे स्वतःच सुचवतात.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये किशोरवयाविषयी एक कल्पना मांडली, तिला मराठीत ‘कल्पित प्रेक्षक’ म्हणता येईल. या वयातल्या मुलाला सतत वाटत असते की सगळ्यांचे डोळे आपल्यावरच आहेत. नाकावर आलेली पुटकुळी आणि पँटची कालबाह्य झालेली घडी साऱ्या वर्गाने टिपली आहे, याविषयी त्याच्या मनात शंका नसते. त्यामुळे जी मुलगी ‘मला कोणाची पर्वा नाही’ असे म्हणते, तीच आरशासमोरून अर्धा तास हलत नाही. मला तुमचे पत्र वाचताना असे वाटले की शनिवारी सकाळी तुमच्या दारात असे दोन प्रेक्षकवर्ग असतात. तिचे वर्गातल्या बाकांवर बसलेले असतात आणि तुमचे व तिच्या बाबांचे देवळाच्या वाटेवर उभे असतात. प्रत्यक्षात त्या वाटेवरचा माणूस आपल्या फुलांच्या पुडीच्या आणि वेळेच्या विवंचनेत असतो आणि बाकावरची मैत्रीण स्वतःच्या पुटकुळीच्या. हे तिला उपदेश म्हणून सांगू नका. आधी स्वतःच्या बाबतीत ते खरे आहे का, हे मात्र पाहा.

देवळाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. तुमच्या तालुक्यातल्या काही मोठ्या देवस्थानांनी अलीकडे आखूड कपड्यांत प्रवेश नाही असे नियम केले आहेत, आणि जुन्या गोव्याच्या बाजिलिका चर्चमध्येही अंगभर कपडे घालून येण्याची सूचना असते. तुमची मुलगी देवदर्शनाला फाटकी जीन्स घालत नसेल आणि त्यासाठी तुम्हाला तिच्याशी भांडावेही लागत नसेल, असा माझा अंदाज आहे. म्हणजे जागा पाहून कपडे करण्याची समज तिला आहे. शाळा ही कोणत्या प्रकारची जागा आहे, एवढ्यावरच तुमचे आणि तिचे एकमत नाही. तुम्हाला ती देवळासारखी वाटते. तिला शनिवारची शाळा मैत्रिणींना भेटण्याची जागा वाटते. माझ्या मते ती काम करण्याची जागा आहे, आणि तिथले कपडे त्या कामाला चालतात की नाही, एवढेच पाहावे.

मी अठ्ठावीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. एका शनिवारी अकरावीच्या प्रात्यक्षिकाला एक मुलगा रबरी चपला घालून आला. मी त्या पाहिल्या, आज राहू दे असे मनात म्हटले आणि हजेरी घेतली. बाटलीचे बूच काढताना संहत नायट्रिक आम्लाचे दोन थेंब त्याच्या उजव्या पावलावर, अंगठ्याच्या पट्ट्याशेजारी पडले. आम्ही त्याचा पाय लगेच नळाखाली धरला आणि पुष्कळ वेळ धरून ठेवला, तरी तिथे दोन पिवळे डाग उठलेच. नायट्रिक आम्ल त्वचेतल्या प्रथिनांशी संयोग पावते, त्यामुळे तो पिवळेपणा धुऊन जात नाही आणि कातडीचा तो थर झडेपर्यंत राहतो. बूट असते तर ते थेंब बुटावर पडले असते. ती चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती, आणि त्यानंतर चपला घातलेल्या कोणालाही मी प्रयोगशाळेच्या दारातून आत घेतले नाही, मग तो वर्गातला पहिला असो की शेवटचा.

म्हणून शनिवारी प्रात्यक्षिक असेल तर बंद बूट, घोट्यापर्यंतची न फाटलेली पँट, सुती शर्ट किंवा कुर्ता आणि बांधलेले केस, यात मुळीच तडजोड करू नका. हुडीच्या लोंबणाऱ्या नाड्या आणि सैल बाह्या स्पिरिटच्या दिव्यावरून फिरतात, आणि पॉलिस्टरचे कापड पेटले तर वितळून कातडीला चिकटते. याला कारण आहे आणि ते एका वाक्यात सांगता येते, म्हणून यावरून भांडणही होत नाही. ज्या शनिवारी नुसती व्याख्याने असतील त्या दिवशी गुडघ्यावरच्या फाटक्या जीन्सने तिच्या शिकण्याचे काय बिघडते, याचे उत्तर मला तरी देता येत नाही. कमरेच्या वर संपणाऱ्या टी-शर्टाबाबत मात्र तिलाच एक प्रश्न विचारा. गर्दीच्या बसमध्ये वरची दांडी धरून पाऊण तास उभे राहायचे असेल आणि वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात समीकरण लिहायला हात उंचवायचा असेल, तर तिचे लक्ष समीकरणावर राहील की टी-शर्ट खाली ओढण्यावर? उत्तर तिचे तिला देऊ द्या.

ढगळ काळ्या टी-शर्टाविषयीची तक्रार मात्र तुम्ही मागे घ्यावी, अशी माझी विनंती आहे. फिकट रंगाचा गणवेश पाच दिवस घालणारी, पाळीच्या दिवसांत बाकावरून उठताना मैत्रिणीला ‘मागे बघ गं’ म्हणणारी मुलगी शनिवारी लांब आणि गडद कपडा का निवडते, हे आपण बायकांनी तरी ओळखायला हवे. शरीर बदलत असताना ते कधी झाकून ठेवावेसे वाटते, कधी कोणीतरी पाहावे असे वाटते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच मुलीला एकापाठोपाठच्या दोन शनिवारी वाटू शकतात. तिच्या कपाटातली ही उलटसुलट निवड म्हणजे उद्धटपणा नव्हे.

धाकट्याविषयी ती जे म्हणते ते सरळ सरळ बरोबर आहे. दोघांनाही गुडघ्याएवढी पँट चालेल असे ठरवा, नाहीतर शिकणे असेल तिथे दोघांनाही पूर्ण लांबीचीच असे ठरवा. कोणता नियम घ्यावा हे तुमच्या घराने पाहावे. पण तो बाबांनी दोघांना एकत्र बसवून सांगितला पाहिजे. भावाला सूट आणि बहिणीला नियम असे असेल तर तो नियम शाळेचा नाही आणि संस्कारांचाही नाही, तो तिच्या मुलगी असण्याविषयीचा आहे, हे तिला कधीच कळून चुकले आहे.

सक्तीविषयी एकच लिहिते. मी वर्गशिक्षिका असताना एका मुलीच्या दप्तरात तळाशी गुंडाळलेला सुती कुर्ता पाहिला होता. त्याला इस्त्रीची कडक घडी होती आणि बाहीवर डब्यातल्या तेलाचा पिवळा डाग. सकाळी आईसमोर तो घालून ती निघायची, बसस्थानकाच्या स्वच्छतागृहात टी-शर्ट चढवायची आणि संध्याकाळी पुन्हा तोच कुर्ता घालून घरी जायची. कपड्यांपुरती ही लबाडी लहान वाटते. पण अशी दोन आयुष्ये जगायची सवय झालेल्या मुलीला उद्या त्याच बसमध्ये कोणी त्रास दिला, तर ती घरी सांगत नाही, कारण ते सांगायचे म्हणजे आपण काय घातले होते तेही सांगावे लागते. तुमची मुलगी निदान तुमच्यासमोर, तुमच्याच दारातून त्या जीन्समध्ये बाहेर पडते आहे. ही गोष्ट जपा.

प्रश्न : महोदया, माझा मुलगा बारावीत आहे. शाळेत गणवेश असल्यामुळे अडचण नाही, पण जादा तास, ग्रंथालय आणि शिकवणी या सगळ्या ठिकाणी तो बर्मुडा, बनियनसारखा बिनबाह्यांचा टी-शर्ट आणि स्लायडर अशा वेशात जातो. एप्रिलमध्ये वर्ग सुरू झाल्यापासून ‘उकडते’ हे त्याला एक कारणच मिळाले आहे. मोठमोठ्या संगणक कंपन्यांचे मालकही टी-शर्ट घालतात, असे तो म्हणतो. कपडे ढिले की अभ्यासही ढिला होतो, असे मला वाटते. माझे चुकते आहे का?
— एक वडील, म्हापसा

उत्तर : ढिल्या कपड्यांनी अभ्यास ढिला होतो, हे सिद्ध करणे अवघड आहे, म्हणून ते मुलाला शास्त्रीय सत्य म्हणून सांगू नका. २०१२ मध्ये हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढरा कोट ‘डॉक्टरचा’ म्हणून घातलेल्यांचे लक्ष अधिक एकाग्र झाले आणि तोच कोट ‘रंगाऱ्याचा’ म्हणून घातलेल्यांचे तसे झाले नाही, असे त्यात दिसले होते. हा प्रयोग फार गाजला. पण त्याच अभ्यासातला कोट घातलेल्या आणि न घातलेल्या लोकांची तुलना करणारा प्रयोग २०१९ मध्ये अधिक लोकांना घेऊन पुन्हा करण्यात आला, तेव्हा कोटाचा तसा परिणाम आढळला नाही. शाळेच्या गणवेशाविषयीही डेव्हिड ब्रन्स्मा आणि केरी अ‍ॅन रॉकेमोर यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील दहावीच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली होती, आणि गणवेशामुळे हजेरी किंवा वर्तन थेट सुधारते असे त्यांना दिसले नाही. तुमचा मुलगा अभ्यासात ढिला असेल तर त्याची कारणे बर्मुडात शोधू नका, आणि तो अभ्यासात चांगला असेल तर तुमचा युक्तिवाद तो एका गुणपत्रिकेने मोडून काढील.

उकाड्याबाबत त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. २०२५ पासून गोव्यात वरच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले, आणि एप्रिलमध्ये किनाऱ्यावरच्या आपल्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही. त्यात गणवेशाचे बरेचसे कापड पॉलिस्टर मिसळलेले असते. ते चुरगळत नाही आणि लवकर वाळते म्हणून आयांना सोयीचे असते, पण घाम शोषत नाही. मुलाची तक्रार कापडाविषयी आहे आणि तो इलाज मात्र बाह्या कापण्यात शोधतो आहे. सैल विणीचा, अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट हा अंगाला चिकटलेल्या बिनबाह्यांच्या टी-शर्टापेक्षा अधिक हवा खेळू देतो. दोन चांगले सुती शर्ट त्याला बरोबर नेऊन, त्याच्या पसंतीच्या रंगाचे घ्या. ही खरेदी तुम्ही एकट्याने करू नका. वडिलांनी आणलेला शर्ट या वयात कपाटातच राहतो.

चपलांचे म्हणाल तर पावसाळ्यात मी त्याच्या बाजूची आहे. जुलैत भिजलेले बूट दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि तसेच घातले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मागून पट्टा असलेली सँडल त्या चार महिन्यांत बुटांपेक्षा शहाणपणाची. स्लायडर मात्र ओल्या जिन्यावरून घसरतात, म्हणून नकोत.

कंपन्यांच्या मालकांविषयी त्याला एवढेच सांगा, की त्यांना दारावर कोणी कोण म्हणून विचारत नाही. तुमच्या मुलाला अजून पुष्कळ दारांवर, पुष्कळ अनोळखी माणसांना आपली ओळख करून द्यायची आहे. मुलाखतीला किंवा तोंडी परीक्षेला समोर बसलेल्या माणसाजवळ पाच-दहा मिनिटे असतात. त्यातले एक मिनिट त्याच्या कपड्यांचा अर्थ लावण्यात जावे, असे तुमच्या मुलालाही वाटणार नाही. त्यासाठी एक चांगला शर्ट आणि एक पँट इस्त्री करून कपाटात टांगलेली असावी आणि ती इस्त्री त्याने स्वतः केलेली असावी. बाकी दिवसांचे त्याच्यावर सोडा.

प्रश्न : माझे लहानपण पोर्तुगीज राजवटीत गेले. शाळेत जायला एकच सदरा आणि एकच चड्डी होती. आई ती रात्री धुऊन चुलीजवळ वाळत घालायची. चड्डीला मागे ठिगळ होते, म्हणून गुरुजींनी फळ्याकडे बोलावले की मी भिंतीला पाठ लावून चालायचो. आज माझा नातू दुकानात पैसे मोजून गुडघ्यावर फाटलेली पँट विकत घेतो आणि शाळेच्या कार्यक्रमाला घालून जातो. मला फार वाईट वाटते. सरकारने अशा कपड्यांना राज्यभर बंदी घालावी.
— एक आजोबा, पेडणे

उत्तर : आपले पत्र वाचून मी बराच वेळ ते समोर ठेवून बसले. भिंतीला पाठ लावून फळ्याकडे जाणारा मुलगा डोळ्यांपुढून हलेना. फाटके कापड झाकण्यासाठी ज्याने एवढा आटापिटा केला, त्याला ते मुद्दाम फाडलेले पाहून यातना होणारच.

तरीही सरकारी बंदी मागू नये, असे मला वाटते. कपड्यांविषयी हुकूम काढणारी सत्ता गोव्याने पाहिली आहे. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्या गोवेकरांना घरात असो की बाहेर, पुडवें (धोतर) नेसायला बंदी केली होती आणि बायकांना चोळी घालायला. माणसे तीच, घरे तीच, आणि अंगावरच्या वस्त्रावरून त्यांनी कोण व्हायचे हे दुसऱ्याने ठरवायचे. नातवाच्या फाटक्या पँटचे आणि त्या फर्मानाचे प्रमाण एक नाही, हे मी जाणते. पण कोणी काय नेसावे हे राज्याने ठरवावे, असे आपल्या मातीत वाढलेल्या माणसाने मागताना मला वाईट वाटते. शाळेचा नियम शाळेने आणि पालकांनी मिळून करावा. त्यासाठी पालक-शिक्षक संघ आहे.

आणि त्या संघात आपल्यासारख्यांनी एक गोष्ट अवश्य मांडावी, कारण ठिगळाचा अनुभव आता फार थोड्यांजवळ उरला आहे. रंगीत कपड्यांचा दिवस हा ज्यांच्या घरी कपाटे भरलेली आहेत त्यांच्यासाठी मौजेचा असतो. माझ्या वर्गात अशा दिवशी दोन-तीन मुले हमखास गैरहजर राहायची आणि एखादा मुलगा ‘विसरलो’ असे सांगून गणवेशातच यायचा. मला पहिली काही वर्षे तो खरोखर विसरतो असे वाटत होते. पुढे एका मुलीने मला सांगितले, की तिच्याकडे बाहेर घालण्याचे दोनच पोशाख आहेत, ते दोन्ही सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि तिसऱ्या वेळी कोणीतरी मोजेल. पालक आखूड कपड्यांविषयी तावातावाने बोलतात, पण या मुलीविषयी बैठकीत बोललेले मी क्वचितच ऐकले. रंगीत दिवस महिन्यातून एकच ठेवावा, किंवा त्या दिवशीही सगळ्यांनी शाळेचा खेळाचा टी-शर्ट घालावा, अशी सूचना आपण नातवाच्या शाळेला पत्राने करू शकता. आपल्या सहीच्या पत्राला वजन असेल.

नातवाशी बोलताना पँटविषयी न बोलता त्या ठिगळाविषयी बोला, आणि तेही भांडणाच्या दिवशी नको. चतुर्थीला सगळे घरी जमलेले असताना, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता सांगा. आणखी एक गोष्ट त्याला माहीत असावी अशी आहे. जीन्स जुनी आणि विटकी दिसावी म्हणून तिच्यावर वाळूचा जोरदार मारा करण्याची पद्धत होती. त्या धुळीने तुर्कस्तानातल्या कित्येक तरुण कामगारांची फुप्फुसे सिलिकोसिसने निकामी झाली आणि २००९ मध्ये तिथे ती पद्धत बंद करावी लागली. विकतचा जुनेपणा कोणाच्या श्वासातून येतो हे कळले, तर तो पँट टाकणार नाही कदाचित, पण पुढची घेताना तिच्याकडे पाहील.

प्रश्न : मी दहावीत शिकते. आमच्या शाळेत रंगीत कपड्यांच्या दिवशी मी बाह्या नसलेला कुर्ता घातला होता. एका शिक्षिकेने मला सगळ्या वर्गासमोर उभे केले आणि ‘अशा कपड्यांमुळे मुलांचे लक्ष विचलित होते’ असे म्हटले. मुले हसली. उरलेले सगळे तास मी दप्तर छातीशी धरून बसले होते. असा कुर्ता घालू नये असे शाळेने कधी सांगितले नव्हते. घरी आईला सांगितले तर ती म्हणाली, टीचरचे बरोबरच आहे. मी काय चुकले?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : बाय, तू काही चुकलेली नाहीस. जो नियम सांगितलाच नव्हता तो मोडल्याबद्दल कोणाला शिक्षा करता येत नाही. शाळेला बाह्यांचे कपडे हवे असतील तर तसे म्हणण्याचा तिला अधिकार आहे. ते आधी, लेखी आणि मुलगे-मुली दोघांनाही सांगायला हवे होते, आणि एखाद्या मुलीने तसे कपडे घातले नाहीत तर तिला बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगायला हवे होते. सगळ्या वर्गापुढे उभे करून तुझ्या अंगाकडे चाळीस जणांचे लक्ष त्या शिक्षिकेनेच वेधले.

आणि मुलांचे लक्ष हे मुलांनी सांभाळायचे असते. पंधरा वर्षांचा मुलगा शेजारच्या मुलीचा दंड पाहून गणित सोडवू शकत नसेल, तर शिकवायचे त्याला आहे. मी मुलांनाही अठ्ठावीस वर्षे शिकवले आहे. ती इतकी दुबळी नसतात, आणि त्यांच्यादेखत त्यांना तसे म्हणणे हा त्यांचाही अपमान आहे. केरळमधील कोळिकोड जिल्ह्यातल्या बालुश्शेरी येथील सरकारी उच्च माध्यमिक शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये अकरावीच्या मुला-मुलींसाठी शर्ट आणि पँट असा एकच गणवेश सुरू झाला. त्याला विरोधही झाला, पण नियम करताना मुलींना धावता यावे, बसता यावे, बसमध्ये चढता यावे, असा विचार करता येतो, हे त्यातून दिसले. तुझ्या शाळेलाही तसा विचार करता येईल.

तू मुख्याध्यापकांना एक छोटा अर्ज लिही. त्यात त्या शिक्षिकेवर राग काढू नकोस. कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला काय घडले ते लिही, रंगीत कपड्यांच्या दिवसाचे नियम सूचनाफलकावर लावावेत आणि ते सर्वांना सारखे असावेत, अशी विनंती कर, आणि खाली तुझ्या सहीशेजारी आईच्या सहीसाठी जागा सोड.

आता हे तुझ्या आईसाठी. ताई, शिक्षकांचा मान राखायला तुम्ही मुलीला शिकवले आहे, ही चांगली गोष्ट आहे, आणि उद्या शाळेत तिला त्रास होऊ नये म्हणूनच तुम्ही टीचरची बाजू घेतली असेल. कुर्त्याविषयी तुमचे मत काहीही असो, ते तुम्ही तिला नंतर सांगू शकता. पण तिने तुम्हाला कुर्त्याविषयी विचारले नव्हते. ती घरी आली ती वर्गात काय झाले ते सांगायला. त्या अर्जावर सही करण्याआधी, आज रात्री तिच्याजवळ बसा आणि दप्तर छातीशी धरून तिने ते उरलेले तास कसे काढले, ते तिला पहिल्यापासून सांगू द्या.